हात सुटंना

दस्तगीर पटवेगारांच्या हातून तंबोरा सुटला तेव्हा समोर बसलेल्या गायिकेने डोळे मिटून घेतले होते. ती पहिल्या झंकाराची वाट पाहत होती. तिला ऐकू आला तो तंबोऱ्याचा भोपळा फुटल्याचा आवाज.

मिरजेतलं ते तंबोरे बनवायचं दुकान दस्तगीरांचंच होतं. दस्तगीरांचा उजवा हात मनगटातून ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. मग त्यात पुन्हा जीव आला. बोटं वळली आणि जिथे तंबोऱ्याची दांडी असायला हवी होती तिथली हवा धरून बसली.

"माफ करा बाई," दस्तगीर म्हणाले. "दुसरा करून देतो."

बाई समजूतदार होत्या. असू दे, होतं असं, म्हणत त्या उठल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, की घाई करू नका, तूर्त दुसरीकडून घेतला आहे.

नाहिद दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. वडिलांचा हात हाडामांसाने त्यांचाच होता, पण तो हलत होता तो तिच्यामुळे. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. पाय परत आला, हात आला नाही. नाहिद तेव्हा मिरजेबाहेरच्या नव्या वैद्यकीय वसाहतीत, 'सेतू' बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला होती. कवटीच्या आत बसवलेली एक पातळ जाळी मेंदूला काय करायचं आहे ते टिपायची, दंडातल्या तारा स्नायूंना झटके देऊन ते करून घ्यायच्या, आणि बोटांना जे लागलं ते उलट्या वाटेने मेंदूकडे पोचवायच्या. दोन्हींच्या मध्ये, गळ्याच्या हाडाखाली, नखाएवढी चिप. त्या चिपमधला प्रोग्राम नाहिदने लिहिला होता.

तो सुरक्षित पद्धतीने लिहिला होता, आणि भोपळा त्यामुळेच फुटला होता.

नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना हे समजावताना नाहिद लॉजचं उदाहरण द्यायची. मिरजेत दवाखाने जितके तितकेच लॉज, त्यामुळे ते लगेच कळायचं. चिपची मेमरी म्हणजे लॉज. मेंदूकडून आलेली प्रत्येक सूचना, मूठ वळ, अंगठा उचल, जोर कमी कर, म्हणजे एक पाहुणा. त्याला खोली मिळते, काम झालं की तो जातो, खोली दुसऱ्याला देतात. सेकंदाला हजारो पाहुणे. धोका एकच. पाहुणा गेला तरी त्याच्या खोलीची किल्ली कुणाच्या तरी खिशात राहते. तो किल्लीवाला मागाहून येतो, दार उघडतो आणि आत जो कुणी असेल त्यालाच आपला माणूस समजून घेऊन जातो. सुरक्षित पद्धतीत दाराशी मॅनेजर बसलेला असतो. तो प्रत्येक किल्ली तपासतो. एक जरी जुळली नाही तरी वाद घालत नाही, सगळ्यांना बाहेर काढून लॉज बंद करतो आणि नव्याने उघडतो. तेवढ्या वेळात हात ढिला पडतो. चुकीचं काही करण्यापेक्षा काहीच करू नये, हे त्या पद्धतीचं तत्त्व.

जेवायला, शर्टाची बटणं लावायला, सही करायला तो हात पुरेसा होता. पण दस्तगीर जवारी लावायचे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसेने इतका हलका घासायचा, की तार त्याला जेमतेम चाटून जावी आणि सूर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमत राहावा. त्या कामात बोटं आणि मेंदू यांच्यात सूचनांची अशी झिम्मड उडायची, की मॅनेजर गांगरायचा. आधी हात मागे पडायचा, मग गळायचा.

भोपळ्याची खापरं गोळा करणाऱ्या मुलीला दस्तगीर म्हणाले, "तू मला हात दिला नाहीस, नाहिद. हातावर पहारेकरी बसवलास."

"अब्बा, तो पहारेकरी आहे म्हणून हात धोका देत नाही."

"मग हे काय केलं त्यानं? यापेक्षा लुळा होता तो बरा. लुळ्या हाताची लोकांना कीव यायची. आता लोक माझ्या हातात काही द्यायलाच घाबरतात." त्यांनी खापराचा एक तुकडा उचलून तिच्या ओंजळीत टाकला. "भीमाकाठचा भोपळा होता. पाच वर्षं सुकवला होता. एवढं शिकलीस, याचं काय करायचं ते सांग."

ते असंच बोलायचे. नाहिद लहान असताना तंबोऱ्यावर तिचं बोट चुकलं की ते शांतपणे म्हणायचे, "तुला कान नाही. दुसरं काही शीक." तिने दुसरं काही शिकून घेतलं होतं, त्याला वीस वर्षं झाली होती, आणि अजूनही त्यांच्या तोंडून 'छान' ऐकायला ती काहीही करायला तयार होती.

*

ज्या भाषेत ती प्रोग्राम लिहीत होती, तिच्यात एक पळवाट होती. प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्याला कुंपण घालून वर 'असुरक्षित' असं लिहायचं. त्या कुंपणात मॅनेजर शिरत नाही. तिथल्या किल्ल्या बरोबर आहेत की नाहीत, ही हमी लिहिणाऱ्याची. रिवाज असा, की ही हमी कशाच्या जोरावर दिली ते कुंपणाच्या वरच एका ओळीत लिहून ठेवायचं. नाहिदने लिहिलं, 'सूचना वापरून झाल्याखेरीज तिची जागा रिकामी होत नाही.' लिहिताना तिला ते खरंच वाटत होतं. वडिलांच्या हाताच्या हालचालींवर तिने ते पुन्हापुन्हा तपासलं होतं.

एका रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, कंपनीत कुणालाही न सांगता तिने तो प्रोग्राम वडिलांच्या चिपमध्ये घातला.

दस्तगीरांनी कानस उचलली. घोडीवर एकदा फिरवली, फुंकर मारली, तार छेडली. पुन्हा फिरवली. नाहिदला सुरातला फरक कळत नव्हता, पण वडिलांचा चेहरा कळत होता. संध्याकाळच्या चहापर्यंत ते घासत आणि छेडत राहिले. मग त्यांनी चारही तारा एकामागून एक छेडल्या आणि दुकानात टांगलेली सगळी वाद्यं आपोआप गुणगुणायला लागली.

दस्तगीरांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. जड, ऊबदार हात. "आता दिलास," ते म्हणाले.

नाहिद आत जाऊन रडली, आणि तोंड धुऊन परत आली.

कंपनीचे प्रमुख डॉक्टर भूपाल मगदूम स्वतः मेंदूचे शल्यविशारद होते. हळू बोलायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. नाहिदने केलेलं कळल्यावर ते रागावले नाहीत. दुकानात आले, चटईवर मांडी घालून बसले, दस्तगीरांचा हात काम करताना बघत राहिले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "हे सगळ्यांना द्यायचं."

"सर, अजून बरंच तपासायला हवं."

"तपासू की. पण किती दिवस तपासणार ते ठरवा. लोकांच्या हातून रोज कपबश्या फुटतायत."

तपासणी झाली, परवानगी मिळाली. नाहिद अडून बसली असती तर ते लांबलं असतं. ती अडून बसली नाही. तिच्या कामाची सांगलीपासून बंगळूरपर्यंत चर्चा होती, आणि वडील गिऱ्हाइकांना सांगत होते, "माझ्या मुलीनं केलाय हा हात."

*

नवा प्रोग्राम ज्यांना पहिल्यांदा मिळाला त्यांच्यात जयसिंगपूरजवळच्या एका गावातली विजयमाला चौगुले होती. मुलगा झाला त्याच आठवड्यात पक्षाघाताने तिचा उजवा हात गेला होता. म्हणजे त्या मुलाला, स्वरूपला, तिने दोन्ही हातांनी असं कधी घेतलंच नव्हतं. नव्या प्रोग्रामनंतर महिन्याभराने तिने नाहिदला एक व्हिडिओ पाठवला. भाकरी थापत होती. शेवटी मोबाइल धरणाऱ्या पोराला पीठ लावलं आणि दोघं हसले. नाहिदने तो वडिलांना दाखवला होता.

पुढल्या वर्षी, ऊसतोडीच्या दिवसांत, विजयमाला शाळेतून स्वरूपला घेऊन स्कूटरवरून घरी येत होती. तो पुढे उभा होता. समोर उसाने भरलेली ट्रॉली अचानक थांबली. विजयमालाने डाव्या हाताने ब्रेक दाबला. पण उजव्या हाताची मूठ पिळलेलीच राहिली, आणि विजेची स्कूटर जोर करून ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेल्या उसांत शिरली.

स्वरूप सहा वर्षांचा होता. तो जागीच गेला.

सेतू तपासून या, म्हणून मगदूमांनी नाहिदला दवाखान्यात पाठवलं. विजयमालाच्या कपाळाला टाके पडले होते, खांदा बांधलेला होता. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. सासू पलंगाच्या पायथ्याशी बसली होती.

विजयमाला नाहिदकडे बघून म्हणाली, "मॅडम, मी सोडाय लागल्ते. हात सुटंना. माझाच हात मला ऐकंना झाला."

"ऐकंना कसा?" सासू म्हणाली. "सगळ्या रस्त्यानं बघितलंय. मूठ पिळतच ऱ्हायली ही. पोरगं वरडतंय आन् ही मूठ पिळतीया."

"मी सोडत हुते, आत्ती."

नवऱ्याने मान वळवली नाही.

नाहिदने तिच्या गळ्याच्या हाडापाशी चिपमधली नोंद वाचणारा छोटा वाचक लावला. आकडे पडद्यावर आले. चिप चालू होती, तारा चालू होत्या, अपघातानंतर ती एकदा बंद होऊन आपोआप चालू झाली होती. त्याआधीचं काहीच शिल्लक नव्हतं. नाहिदने विजयमालाला बोटं उघडायला सांगितली, मिटायला सांगितली. ती झराझरा उघडली, मिटली.

"सेतू ठीक आहे," नाहिद म्हणाली. त्या क्षणी तिला तेवढंच माहीत होतं.

"ऐकलं न्हवं?" सासू आपल्या मुलाला म्हणाली. "मशीन ठीक हाय."

विजयमालाने पांघरुणावरचा आपला हात पालथा केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. नवरा खोलीतून बाहेर गेला. नाहिदला काहीतरी बोलायचं होतं, पण आता जे बोललं जाईल ते विजयमालाच्याच अंगावर पडेल असं वाटून ती वाचक आवरून निघाली.

*

प्रयोगशाळेत स्टँडवर एक कृत्रिम हात होता. नाहिदने त्यावर तीन दिवस घालवले. जोराची पकड दिली, घाईच्या सूचना दिल्या, चिप तापवून पाहिली. हात दर वेळी सुटला. चौथ्या दिवशी तिला वाटलं, आपण याला सगळं केलं, घाबरवलं मात्र नाही.

माणूस दचकतो तेव्हा मेंदूकडून सूचनांचा लोंढा सुटतो. त्याच क्षणी हाताकडून स्पर्शाचाही लोंढा उलटा येतो. तिने दोन्ही लोंढे एकदम सोडले. स्पर्शाचे पाहुणे इतके आले, की त्यांना जागा देण्यासाठी सूचनांच्या खोल्या वेळेआधीच रिकाम्या झाल्या. 'सोड' या सूचनेची किल्ली घेऊन प्रोग्रामने दार उघडलं. आत बसलेला होता स्पर्श, 'एवढ्या जोराने धरलं आहे' असं सांगणारा. प्रोग्रामने ती सूचना समजून हाताला दिली. हाताने तेवढ्या जोराने धरलं. त्याचा स्पर्श आणखी मोठा आला. तोही सूचना झाला. स्टँडवरची बोटं आवळत गेली, आणि त्यांच्यात दिलेला लाकडी दांडा करकरला. चिपची वीज काढेपर्यंत ती मूठ उघडली नाही.

तिने तीच गोष्ट मॅनेजर असलेल्या जुन्या प्रोग्रामवर केली. हात लगेच ढिला पडला. दांडा खाली पडला.

विजयमाला खरं बोलत होती. जिवाच्या आकांताने ती सोडत होती, आणि तिने जितकं सोडलं तितकं तिच्या हाताने धरलं होतं.

नाहिदने मगदूमांना बोलावून तो प्रयोग पुन्हा करून दाखवला. ते बराच वेळ त्या आवळलेल्या बोटांकडे बघत राहिले.

"हे दुरुस्त होईल?"

"ही एक जागा होईल. पण कुंपणात अशा किती आहेत ते मला सांगता येणार नाही, सर. मला वाटलं होतं एकही नाही."

"म्हणजे सगळ्यांना जुन्यावर न्यायचं."

"हो. आणि चौगुल्यांना सांगायचं. त्या बाईंना घरात कुणी..."

"थांबा," मगदूम म्हणाले. त्यांनी दार लावून घेतलं. "जुन्यावर नेऊ. याच आठवड्यात. सुधारणा म्हणून पाठवू. त्याबद्दल मी वाद घालणार नाही, कारण दुसऱ्या मुलाचा जीव मला माझ्या माथ्यावर नको. पण सांगायचं म्हणाल तर, नाहिद, ती हमी कुणाच्या नावाने लिहिलेली आहे?"

नाहिदने स्टँडवरच्या हाताची वीज काढली.

"मी धमकी देत नाही. कंपनी बुडेल ती वेगळी. तुम्ही तुरुंगात जाल, कारण परवानगीच्या आधी घरच्या माणसावर प्रयोग केल्याचंही बाहेर येईल. आणि चौकशी सुरू झाली की पहिल्यांदा तुमच्या वडिलांच्या हातातला प्रोग्राम काढून घेतील." ते खुर्चीत बसले. त्यांचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "गप्प राहिलात तर तो एक हात तसाच ठेवता येईल. ते स्कूटर चालवत नाहीत. लहान मूल उचलत नाहीत. त्यांनी धोका समजून घेतला आणि कबूल केला, तर मी हरकत घेणार नाही."

"आणि विजयमालाबाई?"

"त्यांचा मुलगा परत येणार आहे का?"

नाहिद तिथून निघाली ती सरळ दुकानात गेली. दस्तगीर घोडीवर झुकले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. स्कूटर, ऊस, स्वरूप, मूठ, कुंपण, स्वतःच्या हाताने लिहिलेली ती हमीची ओळ. भाकरीच्या व्हिडिओतली ती बाई, हेही सांगितलं. दस्तगीरांची कानस चालत होती ती थांबली.

"माझ्या हातूनही होईल?"

"होऊ शकेल. काही धरलेलं असताना दचकलात तर."

दस्तगीरांनी कानस खाली ठेवली. उजवा हात मांडीवर घेऊन डाव्या हाताने त्याची बोटं एकेक करून दाबली.

"काढू नकोस," ते म्हणाले.

"अब्बा, पोर गेलंय त्यात."

"ऐकलं मी."

"त्या बाईला सगळे म्हणतायत, तूच मारलंस. मी खरं सांगितलं तर तिला निदान..."

"तू खरं सांगितलंस तर हा हात जाईल." त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे कोरडे होते. "मी कुणाचं पोर उचलणार नाही. कुणाला हात लावणार नाही. जेवेन डाव्या हाताने. हा फक्त लाकडाला लावीन. पण काढू नकोस, नाहिद. मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलेलं नाही."

ते खरं होतं. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. नाहिद समोर बसून राहिली. थोड्या वेळाने त्यांनी कानस उचलली, आणि तिने त्यांना थांबवलं नाही.

*

सुधारणा गेली. शेकडो हात एकाच दिवशी जरासे मंद झाले. तक्रारी आल्या, मगदूमांनी त्या गोड बोलून मिटवल्या. एक हात यादीतून वगळला होता.

दस्तगीरांनी शब्द पाळला. ते डाव्या हाताने जेवायला शिकले, घरातल्यांना ते रुचत नव्हतं तरी. ईदला गळाभेटीला आलेल्यांना ते उजवा हात पाठीमागे ठेवून भेटले. नाहिदच्या डोक्यावर त्यांनी पुन्हा हात ठेवला नाही. तंबोरे मात्र त्यांनी असे केले की लोक धारवाडहून, कोलकात्याहून येऊन रांग लावायला लागले.

अपघातानंतरचा पहिला पावसाळा संपता संपता विजयमाला चौगुले कंपनीत आली. एकटीच आली. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. नाहिदने विचारलं नाही, तिनेच सांगितलं, की माहेरी असते, सासरहून कुणी न्यायला आलं नाही, आता येणार नाहीत.

"हात कसा आहे?" नाहिदने विचारलं.

"बराय. आता पटकन सुटतोय. कधी कधी कळशी पडती हातातनं." विजयमाला खुर्चीच्या कडेला बसली होती. "मॅडम, एक विचारू? आता सुटतोय असा तवा का न्हाई सुटला?"

नाहिदच्या टेबलावर पाण्याचा पेला होता. तिने तो उगाचच सरकवला.

"मी लई जणांना विचारलं," विजयमाला म्हणाली. "सासू म्हणती, माझं मन नव्हतं त्याच्यात. हात गेला तवा मी बोलल्ते, ह्या पोराच्या पायी गेला म्हणून. एकदाच बोलल्ते. ती ते धरून बसलीया. आई म्हणती इसर. मला कुणी सांगंना. तुमीच केलाय न्हवं ह्यो हात, तर तुमाला ठाव असणार. मी खरंच सोडत हुते का, का मला नुसतं वाटलं?"

नाहिदला वाटलं, आत्ता. एक वाक्य. तू सोडत होतीस. त्याने ही बाई उठून उभी राहील. पण त्याच्या मागोमाग चौकशी आली असती, आणि दुकानात घोडीवर झुकलेला तो हात आला असता, आणि तुरुंग आला असता. या तिन्हींपैकी आपल्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, ते तिला पुढे कधीही ठरवता आलं नाही.

"माणूस घाबरला की हात आवळतो," नाहिद म्हणाली. "सगळ्यांचाच. सेतू नसलेल्यांचाही. डोक्याला वाटतं आपण सोडतोय, पण हात आवळलेला असतो."

"म्हणजे मशीन न्हवती."

"नाही."

"माझं मीच आवळलं."

विजयमाला नाहिदच्या तोंडाकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती.

"हो," नाहिद म्हणाली.

विजयमालाने मान हलवली. एकदा, मग पुन्हा, जसं काही दुकानदाराने सांगितलेला भाव तिला आधीपासून ठाऊक होता. ती रडली नाही. तिने उजवा हात टेबलावर ठेवला.

"मग ह्यो बंद करून टाका, मॅडम."

"विजयमालाबाई, असं करू नका. हात कायमचा..."

"मशीननं केलं असतं तर ठेवला असता. मशीनचा काय राग धरायचा." तिचा आवाज सपाट होता. "पर ज्या हातानं मी त्याला मारला त्यो हात मला वापराय नको. त्याच हातानं भाकरी करून खाऊ व्हय?"

मगदूमांना विचारावं लागेल, कागदावर सही लागेल, चार दिवस विचार करा, असं नाहिद बरंच काही म्हणाली. विजयमालाने सगळं ऐकून घेतलं आणि हात तसाच टेबलावर ठेवून बसून राहिली. मगदूमांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, रुग्णाची इच्छा असेल तर आपण कोण अडवणारे. कागद आला. विजयमालाने त्याच हाताने सही केली. नाव पूर्ण लिहिलं, वेलांट्या नीट दिल्या.

नाहिदने वाचक तिच्या गळ्याच्या हाडापाशी लावला. पडद्यावर एक प्रश्न आला, नक्की बंद करायचं का. तिने होकार दिला. पेन विजयमालाच्या बोटांतून निसटून टेबलावरून घरंगळत गेलं आणि खाली पडलं. बोटं तशीच अर्धवट वळलेली राहिली.

विजयमालाने डाव्या हाताने उजवा हात उचलला, आणलेली पिशवी उचलावी तसा, आणि पदरात गुंडाळून पोटाशी धरला. दारापाशी जाऊन ती थांबली.

"बरं केलं तुमी सांगितलंत," ती म्हणाली. "सगळी मागं बोलत्यात. तोंडावर खरं सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं."